साठ म्हणेपर्यंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्लबचे चेअरमन साहेब, एवढ्या कामातून वेळ काढून आलेल्या महापौर बाई, व्यासपीठावर बसलेले आजी-माजी खेळाडू, क्लबचे सगळे कर्मचारी, समोर बसलेले तिकीट काढून येणारे आणि ओळखीने मागच्या दारातून येणारे माझे प्रेक्षक बंधू-भगिनी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले मुख्य प्रशिक्षक, आपले सर, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

चेअरमन साहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यांनी स्वतः मघाशी सव्वीस घेतली, तेव्हा माझी थोडी वर झाली तर त्यांनी घड्याळाकडे बघू नये, एवढी नम्र विनंती. मी बोर्ड रंगवणारा माणूस आहे. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, 'येथे गाडी लावू नये' असली कामं. मोठ्या अक्षरात थोडकं लिहायची सवय. आपल्या या हॉलच्या लाकडी जमिनीवरच्या बास्केटबॉलच्या रेषा गेली बावीस वर्षं मीच मारतो. आणि उत्तरेकडच्या स्टँडमध्ये बसणाऱ्या साडेचारशे जणांच्या प्रेक्षक मंडळाचा मी सेक्रेटरी आहे. म्हणजे घोषणा काय द्यायची, कोणाला कोणत्या नावाने हाक मारायची, कोणावर कधी ओरडायचं, हे ठरवणारा माणूस. आज त्याच नात्याने उभा आहे.

सरांना दिलेलं मानपत्रही मीच रंगवलं आहे. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलंय, 'आपणांस प्रेक्षकांचे अपार प्रेम लाभले.' मजकूर कमिटीचा, अक्षर माझं. ती ओळ काढताना ब्रश तीन वेळा धुतला. कमिटीला सांगितलं, ही ओळ बदला. कमिटी म्हणाली, अहो, मानपत्रात असंच लिहितात. म्हणून ती तशीच राहिली आहे. पण मला ती इथे तोंडाने खोडायची आहे. महापौर बाई, आपण पाहुण्या आहात, आपल्याला हे जरा कडू लागेल. आधीच माफी मागतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपला संघ तेव्हा तळाला होता. आधीचे कोच सोडून गेले होते, त्यांच्या आधीचे भांडून गेले होते. नवा कोण येणार यावर माझ्या दुकानात रोज संसद भरायची. आमचे औषधवाले म्हणायचे, परदेशी येणार. बसचे ड्रायव्हर म्हणायचे, आपलाच जुना कॅप्टन येणार. आणि एका सकाळी क्लबच्या फाटकावर कागद लागला. बसच्या ड्रायव्हरांनी बस मधेच थांबवून तो वाचला आणि तिथूनच मला फोन केला. म्हणाले, "बसलायस का उभा आहेस?" मी म्हटलं, शिडीवर आहे. म्हणाले, "मग आधी खाली उतर."

कागदावर सरांचं नाव होतं.

आता जे नवीन आहेत त्यांना यात एवढं काय, असा प्रश्न पडेल. सर तोपर्यंत कोच नव्हतेच. सर पंच होते. एकोणीस वर्षं पंच. आणि आमच्या लेखी ते एकाच सामन्याचे पंच होते. अकरा वर्षांपूर्वीची ती फायनल, याच हॉलमध्ये. आपण तीन गुणांनी मागे. शेवटचे चार सेकंद. चेंडू आला माझ्या धाकट्या भावाकडे. होय, माझ्या सख्ख्या भावाकडे. तो तेव्हा आपल्या संघातला सगळ्यात भरवशाचा नेमबाज. त्याने कमानीच्या रेषेपाशी उडी मारली, चेंडू सोडला, आणि तो कड्यालाही न लागता आत गेला. रेषेच्या बाहेरून टाकला तर तीन गुण. पाय रेषेला नुसता टेकला तरी दोन. सरांनी शिट्टी वाजवली, हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. एका गुणाने हरलो.

तीन मिळाले असते तर बरोबरी झाली असती, मग जादा पाच मिनिटं खेळावं लागलं असतं, आणि त्यातही आपण हरू शकलो असतो. पण असला हिशोब प्रेक्षक करत नाही. प्रेक्षकाच्या डोक्यात कप आला होता आणि तो एका माणसाने दोन बोटांनी काढून घेतला. सामन्याचं चित्रीकरण होतं, पण कॅमेरा नेमका खांबाआड. तेव्हा सांगणारे साडेचारशे साक्षीदार आणि सगळ्यांची साक्ष एकच: पाय बाहेर होता. मी स्वतः त्या रेषेपासून सत्तर फुटांवर बसलो होतो आणि शपथेवर सांगत होतो. त्या दिवसापासून सरांचं आडनाव आम्ही बदललं. दोनबोटे. पोरंसोरं त्यांना याच नावाने ओळखायची. वहिनी, तुम्ही भाजी घ्यायला गेल्यावर तुम्हाला कोणीतरी 'दोनबोटे बाई' म्हटलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमच्या बाबतीत अंगणही मीच आखलेलं होतं. रेषा माझी, पाय माझ्या भावाचा, आणि दोष शिट्टीला.

तर असा माणूस आमचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्या संध्याकाळी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्यांसमोर आपला वर्षाचा पास टराटरा फाडला. (बाई, मान हलवू नका, मी शेवटही सांगणार आहे. पुढच्या सामन्याला त्या तोच पास चिकटपट्टीने जोडून आल्या.) कोणी म्हणालं, सामन्यावर बहिष्कार टाकू. त्यावर औषधवाल्यांनी विचारलं, "मग सामना बघायचा कोणी?" शेवटी मी तोडगा काढला. तोडगा माझा होता, हे नीट ऐका. कारण पुढे अनेकांनी मोठ्या मनाने 'आपण सगळ्यांनी ठरवलं' असं म्हटलं आहे.

आपल्याकडे सामन्याआधी दिवे घालवतात. एकेका खेळाडूचं नाव पुकारतात, तो आमच्या स्टँडखालच्या बोळातून पळत येतो आणि झोताचा दिवा त्याच्याबरोबर फिरतो. सगळ्यांत शेवटी कोच. मी म्हटलं, यांचं नाव पुकारलं की आपण सगळ्यांनी उभं राहायचं, पाठ फिरवायची आणि मोठ्याने साठपर्यंत मोजायचं. साठ म्हणेपर्यंत कोणी वळायचं नाही. झोताचा दिवा चालवणारा आमच्याच मंडळाचा. तो म्हणाला, मग मीही दिवा छताकडे करतो.

पहिल्या सामन्याला आम्ही ते केलं. साडेचारशे पाठी आणि साडेचारशे गळे. आतून कसं वाटत होतं म्हणून सांगू? फार छान वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

सर तेव्हा काय करत होते ते आम्हाला अर्थातच दिसत नव्हतं. ते मला आपल्या मावशींनी सांगितलं. मावशी म्हणजे खेळाडू पडला की घामाचा ओला डाग पुसायला धावतात त्या. त्या बोळाच्या तोंडाशी बादली घेऊन बसतात आणि आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षं शिव्या घालतात. मावशी म्हणाल्या, "तो माणूस अंधारात तुमच्याकडे तोंड करून उभा असतो. साठ झाले की खाली बसतो. लाज वाटू द्या." मी म्हटलं, मावशी, तुम्ही फरशी बघा.

पहिले पाच सामने हरलो. आमची छाती फुगली, की बघा, सांगितलं नव्हतं? सहावा जिंकलो. मग सातवा, मग आठवा. जो पोरगा चेंडू हातात आला की डोळे मिटायचा त्याला सरांनी डोळे उघडायला शिकवलं. आपला डावखुरा कॅप्टन, तो बसलाय तिथे, त्याची चाल कुठे चुकते हे सरांना पाठ होतं, कारण पंच म्हणून त्यांनी ती चूक त्याला शंभर वेळा दिली होती. वर्षअखेर आपण तळातून वर चौथ्या नंबरावर आलो.

मग आता पाठ फिरवायचं थांबवायचं ना? साधा प्रश्न आहे. मुख्याध्यापिका बाईंनी तो विचारलाही. पण तोपर्यंत काय झालं होतं बघा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. एका सामन्याला पाऊस होता, स्टँड अर्धा रिकामा, पाठ नीट फिरवली गेली नाही, आणि आपण हरलो. झालं. बसचे ड्रायव्हर म्हणाले, "पाठ फिरवली की जिंकतो. आता मोडता घालू नका." म्हणजे राग संपला होता, बरं का. दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या कोणाला सरांवरचा राग आठवतही नव्हता. लोक त्यांच्याविषयी कौतुकाने बोलायचे, त्यांच्या जुन्या हिरव्या स्वेटरची चेष्टा करायचे, आणि सामन्याला येऊन त्यांच्याकडे पाठ करायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा. शुभ शकुन म्हणून आम्ही एका माणसाचा दर पंधरा दिवसांनी अपमान करत होतो, आणि हे त्याला कोणीतरी जाऊन सांगावं, एवढंही सुचलं नाही.

पाणी घेतो जरा.

हे सांगायची संधी मला मिळाली होती. गेल्या वर्षी सुट्टीत मी इथे रेषा मारत होतो. हॉल रिकामा. मी गुडघ्यावर बसून कमानीला चिकटपट्टी लावत होतो आणि सर आले. एकटेच. हातात चहाचे दोन कप. एक माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "दोरीचं टोक धरू का?"

मी म्हटलं, "धरा."

अर्धा तास त्यांनी दोरी धरली. अगदी नीट धरली, ढिली सोडली नाही. मग म्हणाले, "पाच सेंटिमीटरची रेषा. पंचाला तेवढ्यात सगळं बघावं लागतं." मी पट्टी चिकटवत राहिलो. ते थोडे वाकले, कमानीच्या डाव्या कोपऱ्याकडे, बरोबर त्याच जागेकडे बघत म्हणाले, "एक विचारू? त्या फायनलला इथला रंग नीट वाळला नव्हता का?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

"बरं," ते म्हणाले, "असू दे." आणि कप उचलून गेले. माझाही कप त्यांनीच उचलला.

मंडळी, मला आठवत होतं. आदल्या संध्याकाळी मी त्या कोपऱ्यात घाईघाईत एक हात मारला होता, कारण टीव्हीवर रेषा फिकी दिसेल असं कोणीतरी म्हणालं. रंगाला दोन दिवस लागतात वाळायला. एकच रात्र मिळाली. वरून वाळल्यासारखा दिसत होता, पण दाबला की चिकट. फायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जमीन बघायला आलो, तेव्हा त्या रेषेवर बुटाचा पुढचा ठसा होता. अर्धा इंच आत. दहा खेळाडूंपैकी कोणाचाही असेल, असं म्हणता आलं असतं. पण त्या ठशाला अंगठ्यापाशी अर्धचंद्राएवढं ठिगळ होतं. माझ्या भावाचा बूट पुढून उकलला होता आणि ते ठिगळ आठवड्यापूर्वी मीच चिकटवलं होतं. त्या सामन्यात तो त्या कोपऱ्यात एकदाच उभा राहिला होता.

मी डबा उघडला आणि त्यावर रंग मारला. तीन मिनिटांचं काम. अकरा वर्षं ते मी कोणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. आणि त्या अकरा वर्षांत माझ्याइतक्या मोठ्याने 'दोनबोटे' कोणी ओरडलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मागे कुजबुज चाललीय ती मला ऐकू येतेय. येऊ दे. आणखी थोडंच राहिलंय.

माझ्या भावाने त्या फायनलनंतर वर्षभरात खेळ सोडला. तो फरशीच्या दुकानात कामाला आहे. सर कोच झाले त्या पहिल्याच महिन्यात ते त्या दुकानात गेले होते. फरशी घ्यायला नव्हे. त्याला म्हणाले, "नव्या मुलांना नेमबाजी शिकवायला ये. तुझ्यासारखा हात मी पाहिला नाही." ज्याच्या एका बास्केटमुळे यांना आठ वर्षं शिव्या खाव्या लागल्या, त्याच्याच दारात. भाऊ नाही म्हणाला. का, तर दादा काय म्हणेल. दादा म्हणजे मी. आणि दादा तेव्हा साठपर्यंत मोजण्यात गुंतला होता.

आता तो दिवस. तुम्ही बहुतेक जण इथे होतात, तरी सांगतो, कारण तुम्ही होतात आणि तुम्ही तो पाहिलेला नाही. मीही पाहिलेला नाही. तीच तर गोष्ट आहे.

या वर्षीचा उपांत्य सामना. दिवे गेले. खेळाडू एकेक करून आत आले आणि मैदानाच्या मध्ये गोल करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. सरांचं नाव पुकारलं. आम्ही उठलो, वळलो. एक, दोन, तीन. दिवा छताकडे गेला. सर बोळाच्या तोंडाशी आले, मावशी म्हणतात साधारण सातच्या आकड्याला त्यांनी भिंत धरली, आणि दहाला ते खाली बसले. बसले नाहीत, कोसळले. मावशी ओरडल्या. त्यांच्या अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडल्या. आम्ही अठरा, एकोणीस, वीस करत होतो. माझ्या कानावर मावशींचा आवाज आला, खरंच आला. मला वाटलं, नेहमीसारख्या शिव्या घालतायत. मी आकडे आणखी मोठ्याने म्हणायची खूण केली.

पाचव्या रांगेत आमच्या मंडळातल्या एक नर्स बाई उभ्या असायच्या. पंधरा वर्षं अर्धांगवायूच्या वॉर्डात काम केलेल्या. तोंड समोर असतं तर एका नजरेत त्यांनी ओळखलं असतं. त्याही मोजत होत्या.

साठ झाले. आम्ही वळलो. दिवे यायला वेळ लागला. अंधुक दिसलं की सर बोळात जमिनीवर आहेत आणि मावशी त्यांचं डोकं धरून बसल्या आहेत. त्या क्षणी आमच्या स्टँडमधून एक जण म्हणाला, "नाटक करतोय." बरेच जण हसले. त्यामुळे आणखी काही क्षण कोणी हललं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. ती जीभ माझी होती.

मी इस्पितळात डॉक्टरांना विचारलं, त्या एका मिनिटाने किती फरक पडला? डॉक्टर म्हणाले, "फार नाही." मी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी हातातल्या कागदाकडे बघत तेच उत्तर दिलं. सरांची उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. ज्या माणसाने एकोणीस वर्षं शिट्टी वाजवली त्याला आज ओठ मिटून पाणी पिता येत नाही. नर्स बाईंनी दुसऱ्या दिवशी आपला मंडळाचा मफलर माझ्या दुकानाच्या दाराला बांधला आणि त्या गेल्या. त्या आज आलेल्या नाहीत. बोलावलं होतं.

त्या आठवड्यात मी आणि भाऊ जेवायला बसलो होतो. तो ताटाकडे बघत म्हणाला, "दादा, माझा पाय रेषेवर होता. उडी मारताना बूट चिकटला, मला कळलं होतं." मी म्हटलं, "मला माहीत आहे." त्याने मान वर केली. "कधीपासून?" मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी सकाळपासून." त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "म्हणजे मी तुझ्यासाठी गप्प बसलो, आणि तू?" मी म्हटलं, तुझ्यासाठी. त्याने हात धुतले आणि उठून गेला. आता तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. आज हे सांगू का, म्हणून त्याला विचारलं होतं. "सांग," एवढंच म्हणाला. तो मागे दाराजवळ उभा आहे. कृपया त्याच्याकडे वळून बघू नका.

सर, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर उशिरा देतोय. रंग वाळला नव्हता. पाय रेषेवर होता. दोन गुण बरोबर होते.

टाळ्या नकोत. नको म्हटलं ना. बसा. ज्यांच्यासाठी वाजवताय त्यांना त्या तेव्हा हव्या होत्या, आणि माझ्यासाठी वाजवत असाल तर हात खाली घ्या.

अध्यक्ष महोदय, आता शेवटचं सांगतो आणि खाली बसतो. मागच्या रविवारी मी सरांच्या घरी गेलो होतो. हे सगळं त्यांना आधी एकट्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं का, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मग मी म्हटलं, सर, समारंभाला आमची एक इच्छा आहे. तुमचं नाव पुकारू, आम्ही सगळे उभे राहू, आणि तुमच्याकडे तोंड करून साठपर्यंत मोजू. मला ती कल्पना फार आवडली होती. रडूही आलं होतं मला ती सुचली तेव्हा.

सरांनी मान हलवली. नको. वहिनींनी पाटी दिली. डाव्या हाताने, एकेक अक्षर, खूप वेळ लावून त्यांनी एकच शब्द लिहिला. 'पाठ.' मला वाटलं, टोमणा आहे. तो मला मिळायलाच हवा होता, म्हणून मी खाली बघितलं. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तसं नाही. यांना खुर्चीतून उठवायला चार माणसं लागतात. पाय लोंबतात, मान पडते, कपडे वर जातात. मागे शाळेच्या कार्यक्रमात लोक बघत राहिले, कोणी मोबाइलवर फोटो काढले. त्या दिवसापासून हे बाहेर पडायला तयार नाहीत. तुमच्या समारंभालाही नाहीच म्हणत होते. मग त्यांनीच पाटीवर लिहून सुचवलं, की तुमच्या लोकांना पाठ फिरवता येते. तेवढं करा म्हणावं."

तुम्ही आत आलात तेव्हा सर आधीच या खुर्चीत बसलेले होते. कोणाला वाटलं असेल, वेळेचे पक्के. त्याचं कारण हे आहे. आता ते जाणार आहेत. या तीन पायऱ्या उतरून, त्याच बोळातून.

हा कार्यक्रम ज्यांनी घडवून आणला त्या क्लबचे, महापौर बाईंचे, आवाजाची व्यवस्था बघणाऱ्यांचे आणि इतका वेळ मला सहन करणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मी आभार मानतो. बोलताना कोणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनाने विसरून जा. बोलण्यातल्या चुकांपुरतंच म्हणतोय हे. बाकीच्या चुका माझ्याकडे राहू द्या.

आता सगळ्यांनी उठा. व्यासपीठावरच्यांनीही. महापौर बाई, आपणही. मोबाइल खिशात. चौघे जण पुढे या, कॅप्टन, तू डावीकडून धर. दिवे चालू राहू देत. आणि आता वळा. पूर्ण वळा, मान तिरकी करू नका. मीही वळतोय, माइक इथेच ठेवतोय.

साठपर्यंत मोजायचं. पण या वेळी मोठ्याने नाही, मनात. मावशी बोळाच्या तोंडाशी उभ्या आहेत. त्यांनी हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे.